खिळेवाले, साखळीवाले, स्प्रिंगवाले

गुनेलने बर्फावर पळताना बुटांवर चढवायचे पट्टे आणले होते आणि ते ती दारातल्या सतरंजीवर वापरून बघत होती. एक नाही, चांगले तीन जोड. दुकानातली किमतीची चिठ्ठी तिन्हींवर अजून लोंबत होती. चिठ्ठी काढली की दुकानदार माल परत घेत नाही आणि खिळ्यांवर बर्फाचा एक ओरखडा दिसला तरी घेत नाही, हे उत्तर स्वीडनमधल्या लुलेओ गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तिथली शहाणी माणसं उन्हाळ्याचा तंबू आधी बैठकीत उभारून बघतात, होडीवरचं जाकीट घालून तासभर सोफ्यावर बसतात. गुनेलही त्यांच्यातलीच. जेवण झालं की ती पट्टे चढवायची, सतरंजीवर जागच्या जागी पळायची, आरशात पावलं निरखायची आणि सगळं पुन्हा खोक्यात घालून ठेवायची. सतरंजीची मात्र चाळण झाली होती.

पहिला जोड स्प्रिंगवाला. रबराची जाळी आणि तळाला पोलादी तारेची वेटोळी. हलका, देखणा, पायात आहे हेसुद्धा कळत नसे. दुसरा साखळीवाला, चवड्याखाली बारीक साखळ्यांची नक्षी असलेला. तिसरा खिळेवाला. तो दिसायला अगदीच दांडगट, जाड काळं रबर आणि त्यातून बाहेर आलेली कठीण टोकं. तो बुटावर चढवायचा म्हणजे दोन्ही हातांचा जीव निघायचा. गुनेलच्या उजव्या मनगटात गेल्या हिवाळ्यापासून पोलादाची पट्टी होती आणि ते रबर ताणलं की मनगट आतून ठणकायचं. त्यामुळे खिळेवाला तिने मनातून केव्हाच बाद केला होता.

"अगं, तू पट्टे घेतेयस की जावई शोधतेयस?" सीव म्हणाली होती. सीव ही तिची पळण्यातली जुनी मैत्रीण, शेजारच्या गल्लीत राहणारी. "एकदा घाल आणि बाहेर पड ना!"

"मग परत कसे करू?"

"परत कशाला करायचे?"

"चुकीचे निघाले तर?"

"तर पडशील," असं सीव बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग फेब्रुवारी लागताच, निम्मं गाव जातं तशी, तीही उन्हाच्या शोधात स्पेनच्या बेटांवर निघून गेली आणि तिथून पोहण्याच्या तलावाचे फोटो पाठवायला लागली.

खरं सांगायचं तर गुनेलला पट्टे निवडायचेच नव्हते. निवडले असते तर पळावं लागलं असतं. सदुसष्टाव्या वर्षी, सगळं आयुष्य पळण्यात गेल्यावर, तिला आता पळायची भीती वाटत होती आणि हे कबूल करण्यापेक्षा तळव्याखालच्या तारा तपासत बसणं तिला सोपं वाटत होतं.

पासष्टी ओलांडलेल्या प्रत्येकाला नगरपालिका टाचेखाली बसणारे साधे खिळे फुकट देते. ते तिनेही आणले होते, स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी. दोन्ही जोड कपाटात पडून होते. नवरा इंगवे, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, वय एकाहत्तर. त्याने पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "ठेव. म्हातारा झालो की घालीन."

तिच्या पळण्याबद्दल मात्र तो चकार शब्द काढत नसे. पळ म्हणायचा नाही आणि नको पळू असंही म्हणायचा नाही. सतरंजीवर तिची टुकटुक सुरू झाली की वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघरात जायचा. ते मुकेपण गुनेलला टोचायचं, कारण तिच्या मनात त्याच्याबद्दल एक अढी होती. गेल्या वर्षी ती पडली त्या दिवसाची.

समुद्र नीट गोठला की नगरपालिका त्यावरचा बर्फ झाडून गावाभोवती रस्ता करते. बाबागाड्या, कुत्री, पळणारे, सगळे त्यावर. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो अख्खा दिसतो. तिथेच ती घसरली होती. मनगट वाकडं, खाली काचेसारखा गार बर्फ, उठता येईना. तिने हाका मारल्या. बऱ्याच वेळाने किनाऱ्याकडून इंगवे येताना दिसला. चालत. दोन्ही हात खिशात घालून, कुणाची होडी बघायला निघाल्यासारखा संथ. बायको बर्फावर विव्हळतेय आणि हा शतपावली करतोय! तो आला, तिला उठवलं, रुग्णालयात नेलं, सगळं काही केलं. पण ते खिशातले हात तिच्या डोळ्यांपुढून गेले नाहीत. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. त्याच्याशीही नाही.

त्या शनिवारी सकाळी इंगवे मासे पकडायला निघाला. समुद्रावर बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि तासन् तास भोकाकडे बघत बसायचं, हा त्याचा हिवाळ्यातला धंदा. सामान ठेवलं घसरगाडीवर. पुढे खुर्ची, खाली लांब पोलादी पाती, मागे उभं राहून एका पायाने रेटा द्यायचा आणि निघायचं.

"पाल्ट एक वाजता," गुनेल म्हणाली.

त्याला आणखी काही सांगावं लागत नसे. पाल्ट म्हणजे किसलेल्या बटाट्याचे, आत खारवलेलं डुकराचं मांस भरलेले मोठाले गोळे, वर लोणी आणि आंबटगोड बोरांचा मुरांबा. लग्न झाल्यापासून इंगवे नातेवाइकांच्या बारशांना उशिरा गेला असेल, पाल्टला कधी नाही.

दहाच्या सुमाराला पाऊस आला. ऐन फेब्रुवारीत पाऊस, तोही धो धो. बर्फाच्या रस्त्यावर पाण्याचा थर साचला. मग वारा फिरला, वायव्येकडून सुटला, आणि खिडकीबाहेरचा पारा बघता बघता शून्याच्या खाली उतरला. रेडिओवरची बाई सांगू लागली, घराबाहेर पडू नका, रस्ते गुळगुळीत झाले आहेत. समोरच्या अंगणात टपाल टाकणारा माणूस दिव्याचा खांब कवटाळून उभा होता. त्याला पुढेही जाता येईना आणि मागेही येता येईना. शेवटी तो बसला आणि बसल्या बसल्या घसरत आपल्या गाडीपर्यंत गेला. गुनेल हसली.

एक वाजला. पाल्ट ताटलीत आले. दीड वाजला. तिने ते पुन्हा पातेल्यातल्या गरम पाण्यात सोडले. दोन वाजता फोन लावला, तर हा क्रमांक संपर्काच्या बाहेर आहे. अडीचला पुन्हा तेच. खिडकीतून रस्ता अगदी स्वच्छ दिसत होता, नुसता चकाकत होता, आणि त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मदतीला फोन करावा का? पण सांगायचं काय, नवरा जेवायला आला नाही? तिकडचा माणूस हसला नसता, पण तिची जीभ रेटेना. कुणाला उगीच त्रास द्यायचा नाही ही त्या मुलखातली शिकवण आईच्या दुधातूनच येते. तिने सीवला लावला.

"इंगवे आला नाही," गुनेल म्हणाली. "मासे पकडायला गेला होता. पाल्ट होते."

तिकडे पाण्यात कुणीतरी उडी मारल्याचा आवाज आला. मग सीव हळूच म्हणाली, "पाल्टला आला नाही?"

"नाही."

"गुनेल, चार वाजता अंधार पडेल. तो बसतो तिथे जाऊन बघ. नसेल तर तिथूनच मदत मागव."

"बाहेर काच झालीय नुसती."

"मग तुझ्याकडे काय कमी पट्टे आहेत? घाल आणि पळ!"

गुनेलने पळायचे बूट घातले आणि तिचा हात सवयीने स्प्रिंगवाल्यांकडे गेला. झटकन चढले. दार उघडून ती पायऱ्या उतरली, अंगणात एक पाऊल टाकलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. कठडा हातात होता म्हणून वाचली. तारेची वेटोळी ओल्या काचेवरून तेल लावल्यासारखी गेली होती. भुसभुशीत बर्फ असता तर त्या वेटोळ्यांनी चांगली पकड घेतली असती. इथे त्यांना रुतायला काहीच नव्हतं. तीन आठवडे आरशात बघून तिला हे कळलं नव्हतं. एका पावलात कळलं.

कठड्याला धरूनच ती मागे वळली. साखळीवाले चढवून पायरीवरच पाय घासून बघितला. साखळ्या पायाखाली गडबडा लोळल्या. तेही काढले. उरले खिळेवाले.

ती पायरीवर बसली आणि बुटाच्या टोकावर रबर अडकवून मागे ओढायला लागली. मनगटातून कळ गेली. रबर टाचेपर्यंत येईना. पुन्हा ओढलं, पुन्हा सुटलं आणि नखावर सटकन बसलं. "मेल्या!" असं ती ओरडली, पट्ट्याला की इंगवेला ते तिचं तिलाच माहीत. मग तिला बूट चढवायची लांब लाकडी पट्टी आठवली. दाराआडून ती ओढली, रबर आणि टाच यांच्यामध्ये खुपसली आणि अंगाचा सगळा भार टाकून तरफेसारखी दाबली. फटकन रबर बसलं. दुसरा पायही तसाच. चिठ्ठ्या तिने दातांनी तोडल्या आणि तिथेच थुंकल्या. निघता निघता कपाटातून नगरपालिकेचे फुकट खिळे, इंगवेच्या मापाचे, खिशात कोंबले.

अंगणातलं पहिलं पाऊल तिने कोंबडीसारखं टाकलं. करकर असा आवाज आला आणि पाय होता तिथेच राहिला. दुसरं पाऊलही राहिलं. किनाऱ्यापर्यंत ती भराभर चालत गेली. पण रस्त्याच्या तोंडाशी आल्यावर ती थांबली. समोर तीच काच, तीच जागा, आणि आता वर पाण्याचा हात फिरून आणखी तुकतुकीत झालेली. मनगट आपसूक पोटाशी आलं.

वारा पाठीमागून होता. त्याने तिला विचारलंच नाही. एक जोराचा झोत आला आणि तिला पुढे ढकलून दिलं. तोल सावरायचा तर पाय भराभर टाकायलाच हवे होते, आणि पाय भराभर पडायला लागले की त्याला पळणंच म्हणतात. करकर, करकर. दर पावलाला खिळे बर्फात दात रोवत होते आणि दर पावलाला तिला वाटत होतं, आता सुटेल. सुटलं नाही. तिने अंग थोडं मागे टाकलं, पावलं आखूड केली, गुडघे सैल सोडले. वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं सगळं आपलं आपण वर आलं. मनगट केव्हा पोटापासून सुटलं आणि हात केव्हा हलायला लागले, हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिचं सगळं लक्ष समोरच्या पांढऱ्या उजाड पसाऱ्यात एका काळ्या ठिपक्यासाठी होतं.

इंगवेची नेहमीची जागा रस्ता वळतो तिथून आत होती. ती पोचली. बर्फात भोकं होती. एका भोकात गळ अजून सोडलेला होता. थर्मास साकळलेल्या पाण्यात बुडापर्यंत गोठून बसला होता. इंगवे नव्हता आणि घसरगाडीही नव्हती.

भोकं ताटलीएवढी, त्यातून माणूस जाऊ शकत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तिने गुडघ्यांवर बसून प्रत्येक भोकात डोकावून बघितलं. खाली काळं पाणी डुचमळत होतं.

"इंगवे!" ती ओरडली. "इंगवेऽऽ! आहेस का?"

काही नाही. नुसता वारा.

"इंगवे, आहेस का रे?"

तिला रडू कोसळलं. हसतखेळत पाल्टला येणारा माणूस, आणि आता नाहीच, असं कसं? सकाळी तिने त्याला धड निरोपही दिला नव्हता. वर्षभर त्याच्याशी ती नीट बोललीही नव्हती, एका जुन्या अढीपायी. फोन काढायला तिने हातमोजा दातांनी ओढला, तेवढ्यात इंगवेची माशांची रिकामी बादली तिच्या शेजारून सरकत गेली. कुणी ढकललं नाही, काही नाही. बादली आपली आपण सरळ रेषेत समुद्राकडे चालली होती, मध्येच जरा फिरून पुन्हा पुढे.

गुनेल बादलीकडे बघत राहिली आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. वारा! जे काही सुटं होतं ते वाऱ्याने त्याच दिशेला नेलं असणार, आणि पायात खिळे नसलेला माणूस या बर्फावर बादलीपेक्षा काही वेगळा नाही. त्या दिशेला पाइनच्या झाडांचं एक बुटकं बेट होतं. फोन तिने हातातच ठेवला आणि पळत सुटली. बेटापाशी नसला तर लगेच मदत मागवायची, असं ठरवून. बादलीला तिने वाटेत मागे टाकलं.

बेटाच्या अलीकडच्या खडकांना टेकून काहीतरी आडवं पडलेलं दिसलं. घसरगाडी. आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर, कानटोपी खाली ओढून, हात काखेत घालून, इंगवे बसला होता. बसला होता! ताठ, जिवंत, नाक लालबुंद.

गुनेलचा जीव भांड्यात पडला. इतका जोरात पडला की तिचे पायच थांबले आणि ती भर बर्फात उभी राहून मोठमोठ्याने रडायला लागली. मग तशीच धावत जाऊन तिने त्याला मिठी मारली, आणि मिठी मारता मारताच पाठीत एक धपाटाही घातला.

"मेल्या, हाकेला ओ का देत नाहीस? घसा फाटला माझा!"

"दिली की," इंगवे म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "दर वेळी दिली."

"कुठे दिलीस? काय म्हणालास?"

"हो म्हणालो."

"कसं म्हणालास?"

इंगवेने करून दाखवलं. त्या उत्तरेतली माणसं हो म्हणायचं तर शब्द उच्चारत नाहीत, ओठ मुरडून एक श्वास आत ओढतात. श्शुप. झालं हो म्हणून. समोर बसलेल्या माणसालाही कधी कधी ऐकू जात नाही. भर वाऱ्यात, उलट्या दिशेला, एका मैदानाएवढ्या अंतरावरून इंगवेने बायकोच्या हाकांना दर वेळी इमानेइतबारे श्वास आत ओढून हो म्हटलं होतं.

गुनेल आ वासून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. रडणं अजून संपलं नव्हतं, त्यातच हसणं मिसळलं, आणि तोही हसायला लागला.

"आणि फोन?"

"भोकात पडला. वाकलो आणि खिशातून गेला. तू लावला होतास?"

"दोनदा."

"मासे पळाले असतील सगळे," तो म्हणाला. "पाऊस थांबला तेव्हा निघालोच होतो गं. गाडीवर चढलो, एक रेटा दिला, आणि पाय गेला. वाऱ्याने गाडी धरली. मी गाडीला धरलं. दोघं इथवर आलो. उभा राहिलो की पडतोय, पडलो की आणखी पुढे जातोय. मग म्हटलं, गाडी आडवी करून बसावं, म्हणजे निदान फिनलंडला तरी जाणार नाही."

"लागलं का कुठे?"

"ढुंगणाला. चारचौघांत सांगू नकोस."

तिने खिशातून फुकट खिळे काढले. इंगवेने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने पाय पुढे केला. ती त्याच्या बुटांसमोर बसून रबर ओढायला लागली, तर तो म्हणाला, "तुझं मनगट. दे मला."

"तुझी बोटं गोठलीत. गप्प बस." रबर बसवता बसवता, वर न बघता, ती म्हणाली, "तू नाहीस असं वाटलं मला. तिथे भोकांपाशी. असं कधी कुणाला वाटू नये."

"माहीत आहे," इंगवे म्हणाला.

"तुला काय माहीत आहे? मी पडले होते तेव्हा तू हात खिशात घालून आला होतास. डुलत डुलत." शेवटी ते तिच्या तोंडून निघालंच. "मी ओरडत होते आणि तू चालत होतास, इंगवे."

वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं, की दुसऱ्या कशाने, ते कळायला मार्ग नव्हता.

"खिडकीतून दिसलीस पडलेली," तो म्हणाला. "तसाच निघालो, घरातल्या बुटांवर. पायऱ्यांवर पडलो, किनाऱ्यावर पडलो. बर्फावर तर उभंच राहता येईना. मग रांगत आलो. जवळजवळ सगळा रस्ता. तू ओरडत होतीस आणि मला पळता येत नव्हतं. तुला दिसेन इतका जवळ आलो तेव्हा उभा राहिलो. मला रांगताना बघितलं असतंस तर आणखी घाबरली असतीस. तिथून पुढे एकेक पाय चिकटवत आलो."

"आणि हात?"

"सोलले होते. रक्त होतं. म्हणून खिशात."

गुनेलला आठवलं, ती रुग्णालयातून घरी आली तेव्हा त्याच्या दोन्ही तळव्यांना फडकी बांधलेली होती. सॉनाच्या, म्हणजे वाफ घ्यायच्या खोलीतल्या, भट्टीला हात लागला, असं तो म्हणाला होता, आणि बघून काम करता येत नाही का म्हणून तिने त्याला झापलं होतं.

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"वर्षभर मी..." ती थांबली. वर्षभराचं सगळं आता सांगत बसायला गार फार होतं. तिने त्याचे हातमोजे काढले, ते दोन्ही थंडगार पंजे आपल्या जाकिटात, छातीशी घेतले आणि तशीच बसून राहिली. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मनावरून एक दगड उतरला की दुसरा किती मोठा होता तेही कळतं, तसे दोन्ही एकदम उतरले होते.

"पाल्ट राहिलेत का?" जरा वेळाने जाकिटातून हात न काढता इंगवेने विचारलं.

"फुटले असतील पाण्यात."

"चालतील फुटलेले."

दोघं उठली. इंगवेने गाडी सरळ केली, तिच्या दांड्याला धरून एक पाय टेकवून बघितला, मग दुसरा. टाचेखाली करकर वाजलं. त्याने भुवया वर केल्या, पण कौतुक काही केलं नाही; स्वतःचा तेवढा मान त्याने राखला. घरचा रस्ता आता वाऱ्याच्या तोंडावर होता. डोकं खाली घालून, गाडी पुढे ढकलत तो चालू लागला, टाच रोवून, सावकाश. किनाऱ्यावर एकेक खिडकी पिवळी होत होती.

गुनेल त्याच्या बाजूने चालत होती, पण तिच्या पायांना चालणं जमेना. अंगात ऊब होती, खाली पकड होती, आणि भीती कुठे म्हणून सापडत नव्हती.

"जा," इंगवे म्हणाला. "पळ. माझ्यासाठी रेंगाळू नकोस. गार पडशील."

ती पळाली. वाऱ्याच्या विरुद्ध, पावलं आखूड ठेवून, रस्त्याच्या वळणापर्यंत. तिथून मागे फिरली आणि वाऱ्याबरोबर सुसाट त्याच्यापर्यंत आली, त्याला वळसा घातला आणि पुन्हा पुढे गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ती धापा टाकत शेजारी आली तेव्हा इंगवेने गाडी थांबवली.

"अगं बाई, घर तिकडे आहे."

"माहीत आहे," गुनेल म्हणाली. "तू आहेस का, ते बघायला येते."

त्याने गाडीला रेटा दिला आणि चालायला लागला, आणि ती पुन्हा पुढे पळाली.